‘गोंधळ’ इंग्रजीत लिहिताना: घडी कशाची विस्कटली, त्यावरून शब्द कसा निवडावा

लासलगावात कांद्याचे लिलाव बंद पडले की ‘केऑस’. द्वारका चौकात गाड्या अडकल्या की ‘केऑस’. अंबडच्या कारखान्यात भलताच माल ट्रकवर चढला की ‘केऑस’, आणि टेबलावर फायली पसरल्या तरी ‘केऑस’. नाशिकहून जाणाऱ्या इंग्रजी मेलांत, तक्रारअर्जांत आणि बातम्यांत हा एकच शब्द बारा महिने राबतो. वाचणाऱ्याला मात्र कळत नाही की माणसं जखमी झाली, गाड्या थांबल्या की नुसता पसारा झाला.

इथे शब्द कमी पडत नाहीत, क्रम चुकतो. ‘गोंधळाला इंग्रजीत काय म्हणतात’ असं विचारत आपण थेट शब्दाकडे धावतो. देवीचा गोंधळ बाजूला ठेवला तरी मराठीतला ‘गोंधळ’ ही मोठी पिशवी आहे, तिच्यात दहा वेगवेगळ्या गोष्टी मावतात. इंग्रजीत त्या दहांना दहा नावं आहेत आणि एकाच्या जागी दुसरं चालत नाही. म्हणून आधी पिशवी उलटी करायची, मग शब्द उचलायचा.

खालचे इंग्रजी शब्दप्रयोग उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. स्पेलिंग शब्दकोशातून घ्या, त्या निमित्ताने त्याखालची उदाहरणंही वाचली जातील.

तयारी

कागदावर एक मराठी वाक्य लिहा. अट एकच: त्यात ‘गोंधळ’ हा शब्द नको. पसारा, सरमिसळ, बोजवारा, फज्जा, रेटारेटी, चेंगराचेंगरी, त्रेधातिरपीट, अनागोंदी, बेबंदशाही, यांतला जो नेमका बसेल तो घ्या. अर्धं काम इथेच होतं, कारण आपली मराठी आपल्या इंग्रजीपेक्षा जास्त नेमकी असते. जो माणूस चेंगराचेंगरीला कधीच पसारा म्हणणार नाही, तोच इंग्रजीत दोन्हींना ‘केऑस’ म्हणून मोकळा होतो.

वाक्याखाली तीन गोष्टी टिपा: कुठे, किती वेळ, किती माणसं किंवा वस्तू.

हाताशी इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी हवी, मोबाइलवरची चालेल. इंग्रजी-मराठी कोशावर भागत नाही. तो एका शब्दासमोर ‘गोंधळ, अव्यवस्था, घोटाळा’ अशी माळ लावतो आणि पुढच्या शब्दासमोर पुन्हा तीच माळ.

> तपासणी: मराठी वाक्य वाचून घरातल्या दुसऱ्या कुणाला नेमकं काय झालं ते कळतं का? कळत नसेल तर पुढे जाऊ नका. तिथे अडखळलेलं इंग्रजीतही अडखळणार.

१. घडी कशाची विस्कटली?

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

वस्तूंचा पसारा असेल तर ‘मेस’ किंवा ‘क्लटर’. ‘द स्टोअर रूम इज अ मेस.’ नको त्या वस्तूंनी जागा अडली असेल तर ‘क्लटर’, नुसतं आवरलेलं नसेल तर ‘अनटायडी’. फायली खोलीभर पडल्या असतील तर ‘ऑल ओव्हर द प्लेस’, पण हे बोलण्यातलं आहे. ऑडिटच्या उत्तरात ते शोभणार नाही.

क्रम बिघडला असेल, म्हणजे सातबाऱ्याच्या प्रती पुढच्या मागे लागल्या, बॅच नंबर उलटसुलट झाले, तर ‘आउट ऑफ सीक्वेन्स’ किंवा ‘आउट ऑफ ऑर्डर’. दोन गटांची सरमिसळ झाली असेल तर ‘मिक्स्ड अप’. निर्यातीच्या द्राक्षांच्या पेट्या आणि लोकल मार्केटच्या पेट्या एकत्र झाल्या तर ‘द टू लॉट्स गॉट मिक्स्ड अप’ एवढं पुरे. इथे ‘केऑस’ लिहिलंत तर परदेशातला खरेदीदार कोल्ड स्टोरेजच बंद पडलं की काय, असं समजेल.

कामकाजाची घडी बिघडली, म्हणजे वेळापत्रक, वाहतूक, लिलाव, पाणीपुरवठा, तर ‘डिसरप्ट’ हे क्रियापद. इथे ‘डिस्टर्ब’ वापरायची आपल्याला खोड आहे. ‘द टाइमटेबल गॉट डिस्टर्ब्ड’ आपल्याकडे चालून जातं, पण ‘डिस्टर्ब्ड’ माणसाबद्दल लिहिलं की मन बिघडलेलं असा अर्थ निघतो. ‘डिस्टर्ब्ड एरिया’ तर सशस्त्र दलांच्या विशेषाधिकाराच्या १९५८ च्या कायद्यातला शब्द आहे. आपल्या कॉलनीत रात्री डीजे वाजला म्हणून ती ‘डिस्टर्ब्ड एरिया’ होत नाही.

गर्दीची घडी मोडली असेल तर शब्द फार जपून. साधी रेटारेटी म्हणजे ‘जॉसलिंग’ किंवा ‘पुशिंग अँड शव्हिंग’. दोन गटांत थोडा वेळ झालेली झोंबाझोंबी म्हणजे ‘स्कफल’. एकाच माणसाला धक्काबुक्की झाली तर ‘ही वॉज मॅनहँडल्ड’, तिथे ‘स्कफल’ म्हणणं म्हणजे मार खाणाऱ्यालाही भांडणात ओढणं.

चेंगराचेंगरीसाठी आपल्याकडच्या बातम्यांत ‘स्टँपीड’ लिहितात. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले, त्याच्या इंग्रजी नोंदींतही हाच शब्द दिसतो. पण ‘स्टँपीड’ म्हणजे बिथरलेल्या जमावाची धावपळ, त्यामुळे दोष आपोआप लोकांच्या माथी जातो. माणसं पळत नव्हती, अरुंद जागेत दाबली गेली, श्वास कोंडला, असं असेल तर ‘क्राउड क्रश’ नेमकं. गर्दीच्या सुरक्षेवर काम करणारे लोक हाच शब्द पसंत करतात. २०२७ च्या सिंहस्थासाठी इंग्रजी सूचना, पत्रकं किंवा बातम्या लिहिणाऱ्यांनी हा फरक आत्ताच वहीत लिहून ठेवावा.

जमावाला ‘क्राउड’ म्हणा. ‘मॉब’ म्हणजे चाल करून आलेला जमाव. स्नानाला आलेले भाविक ‘मॉब’ नसतात.

कायदा-सुव्यवस्था ढासळली असेल तर ‘लॉ अँड ऑर्डर ब्रोक डाउन’. कायदा कुणी जुमानत नाही अशी स्थिती म्हणजे ‘लॉलेसनेस’, सत्ताच उरली नाही तर ‘अनार्की’. ‘रायट’ मात्र सहज लिहायचा शब्द नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेकायदा जमाव ठरायला किमान ५ माणसं लागतात आणि त्या जमावाने समान उद्देशासाठी बळ किंवा हिंसा वापरली तर दंगलीचा गुन्हा होतो. तिघांची हाणामारी ‘रायट’ नव्हे. ‘फाइट’ म्हणा आणि सोडून द्या.

संस्था, मंडळ, पक्ष किंवा सोसायटीची घडी विस्कटली असेल तर ‘इन डिसअरे’. कुणाचा कुणाला मेळ नसेल तर ‘अ‍ॅट सिक्सेस अँड सेव्हन्स’, हे जुन्या ब्रिटिश वळणाचं आहे आणि पत्रात बरं दिसतं. संस्था वर्षानुवर्षं रसातळाला चालली असेल तर ‘गोइंग टू द डॉग्ज’. पण तो ऱ्हास झाला, गोंधळ नव्हे.

> सावध: सातपूर-अंबडच्या मंडळींनी ‘लॉस ऑफ ऑर्डर’ लिहूच नये. कारखान्याच्या मेलमध्ये ‘ऑर्डर’ म्हणजे गिऱ्हाइकाची ऑर्डर. ‘देअर वॉज अ लॉस ऑफ ऑर्डर इन द डिस्पॅच सेक्शन’ वाचून साहेबाला वाटेल, काम हातचं गेलं.

२. थांबलं, विस्कटलं की हळूहळू उसवलं?

मराठी बातमीत ‘वाहतूक ठप्प’ आणि ‘वाहतूक विस्कळीत’ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. इंग्रजीतही असतात. ठप्प म्हणजे ‘केम टू अ स्टँडस्टिल’. विस्कळीत म्हणजे ‘वॉज डिसरप्टेड’, गाड्या चालू आहेत पण उशिराने किंवा भलत्या रस्त्याने. एकाच वाक्यात ‘डिसरप्टेड अँड स्टँडस्टिल’ दोन्ही घालणारे फार. त्यांना स्वतःलाच ठरवता आलेलं नसतं.

लिलाव बंद ठेवले असतील तर ‘द ऑक्शन्स वर सस्पेंडेड’, आपोआप बंद पडले तर ‘केम टू अ हॉल्ट’. पहिल्यात कुणीतरी निर्णय घेतला, दुसऱ्यात नाही. शेतकऱ्याच्या निवेदनात हा फरक सगळ्यात महत्त्वाचा, कारण भांडण त्यावरच असतं.

एकदम कोसळलं तर ‘कोलॅप्स’. धागा सुटत गेला, आज एक अट मोडली, उद्या दुसरी, तर ‘अनरॅव्हल’. जुळलेलं सुटं होत गेलं तर ‘फॉल अपार्ट’. ‘फॉल थ्रू’ याच घरातलं वाटतं, पण त्याचा अर्थ बेत बारगळला, सुरूच झाला नाही. सहल निघून वाटेत फज्जा उडाला असेल तर ‘फॉल थ्रू’ चूक.

३. वाक्य कुणावर बोट ठेवतं ते बघा

‘शॅम्बल्स’, ‘फियास्को’, ‘मिसमॅनेजमेंट’ हे शब्द नुसतं वर्णन करत नाहीत, कुणाची तरी कानउघाडणी करतात. ‘डिसरप्शन’, ‘डिले’, ‘कन्फ्यूजन’ तुलनेने तटस्थ. महापालिकेला तक्रार करताना पहिला गट मुद्दाम वापरता येतो. स्वतःच्या कंपनीची चूक गिऱ्हाइकाला कळवताना दुसऱ्याच गटात राहा. आपलीच बाजू मांडताना ‘इट वॉज अ शॅम्बल्स’ लिहून बसलेले मेल पुढे दंडाच्या चर्चेत पुरावा म्हणून येतात.

गलथान कारभार म्हणायचा असेल तर तो कुणाचा, हे त्याच वाक्यात हवं. कर्ता लपवून नुसतं ‘देअर वॉज मिसमॅनेजमेंट’ लिहिलं की आरोपही केला आणि पळही काढला, असं दिसतं.

४. वाचणारा कोण?

ओझरच्या मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एव्हरीथिंग वेंट हेवायर’ खुशाल लिहा. सरकारी अर्जात किंवा इन्सिडेंट रिपोर्टमध्ये तेच ‘द सिस्टीम फेल्ड’ होतं, पाठोपाठ कुठली सिस्टीम ते.

भारतीय इंग्रजीतले काही प्रयोग सीमेपलीकडे नीट पोचत नाहीत. ‘ट्रॅफिक वॉज थ्रोन आउट ऑफ गिअर’ आपल्या इंग्रजी पेपरांत नेहमीचं, परदेशी वाचकाच्या डोळ्यांपुढे मात्र गिअरबॉक्स येतो. ‘लॉ अँड ऑर्डर सिच्युएशन’ हेही आपलंच. पोलिसांना लिहिताना उत्तम, बाहेरच्या पाहुण्याला लिहिताना काय झालं ते सरळ सांगा.

सभागृहातला गदारोळ हे वेगळं प्रकरण. आरडाओरडा मुख्य असेल तर ‘अप्रोर’, आरडाओरड्याबरोबर कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही अशी गत असेल तर ‘पँडेमोनियम’. दोन्हींत आवाज आहे. गुपचूप झालेल्या फायलींच्या घोळाला ‘पँडेमोनियम’ म्हणत नाहीत.

५. जोडणी: ‘आउट ऑफ’चं घराणं

शब्द बरोबर निवडूनही वाक्य पडतं ते इथे.

‘हाताबाहेर गेलं’ याचं आपण ‘वेंट आउट ऑफ हँड’ करतो. आपलं ‘गेलं’ इंग्रजीत शिरतं. तिथे क्रियापद ‘गेट’ आहे: ‘द सिच्युएशन गॉट आउट ऑफ हँड’. ‘हँड’ एकवचनी. ‘हँड्स’ केलंत आणि आधी ‘माय’ जोडलंत तर अर्थच फिरतो. ‘इट इज आउट ऑफ माय हँड्स’ म्हणजे आता ते माझ्या अखत्यारीत नाही. आणि ‘ही रिजेक्टेड इट आउट ऑफ हँड’ म्हणजे विचारही न करता धुडकावलं, तिथे गोंधळाचा संबंधच नाही.

‘आउट ऑफ कंट्रोल’ जास्त मोकळं. गाडी, आग, खर्च, जमाव, सगळ्यांना चालतं. उतारावर ब्रेक निकामी झालेला ट्रक ‘आउट ऑफ कंट्रोल’ जातो, ‘आउट ऑफ हँड’ कधीच नाही. आधी आटोक्यात होतं आणि बघता बघता बिघडलं, असं माणसांच्या किंवा प्रसंगाच्या बाबतीत सांगायचं असेल तर ‘आउट ऑफ हँड’.

‘आउट ऑफ ऑर्डर’ सगळ्यात फसवं. लिफ्टवर पाटी असेल तर लिफ्ट बंद. पानांबद्दल असेल तर क्रम चुकला. सभेत अध्यक्ष म्हणाले तर मुद्दा नियमबाह्य. ब्रिटिश बोलण्यात माणसाबद्दल म्हटलं तर त्याचं वागणं मर्यादा सोडून. या चारांत बेशिस्त गर्दी कुठेच नाही. ‘द क्राउड वॉज आउट ऑफ ऑर्डर’ ऐवजी ‘द क्राउड वॉज अनरूली’ लिहा.

‘आउट ऑफ प्लेस’ वस्तू विखुरल्या या अर्थी घेऊ नका. माणसाबद्दल त्याचा अर्थ अवघडलेला, बोलण्याबद्दल अप्रस्तुत. गंमत म्हणजे नकारात तो टापटिपीबद्दल बोलतो: ‘नथिंग वॉज आउट ऑफ प्लेस’, सगळं जागच्या जागी.

‘ब्रेक डाउन’ क्रियापद असेल तर दोन सुटे शब्द, नाम असेल तर जोडून एक. यंत्र, बोलणी, व्यवस्था ‘ब्रेक डाउन’ होतात. माणूस ‘ब्रोक डाउन’ झाला तर तो रडला, हे विसरून लिहिलेलं वाक्य हसू करून घेतं: ‘द सुपरवायझर अँड द कन्व्हेयर ब्रोक डाउन.’

आता ‘अ’ लावायचा की नाही. ‘केऑस’, ‘डिसअरे’, ‘पँडेमोनियम’, ‘हॅवॉक’ यांना ‘अ’ लागत नाही आणि यांचं अनेकवचन करत नाहीत. ‘इन अ टोटल केऑस’ ही नाशिकचीच नाही, सगळ्या महाराष्ट्राची चूक आहे. ‘मेस’ला ‘अ’ हवाच. ‘शॅम्बल्स’च्या शेवटी ‘स’ ऐकू येतो, पण शब्द एकवचनी वापरतात: ‘द पार्किंग वॉज अ शॅम्बल्स’. ‘लॉ अँड ऑर्डर’ दोन शब्द असले तरी क्रियापद एकवचनी. ‘ट्रॅफिक’ला ‘स’ जोडू नका.

‘हॅवॉक’बरोबर ‘रीक’ येतं, ‘रेक’ नाही. ‘रेक’ म्हणजे मोडतोड करणं, आणि मोडलेल्याची आणखी मोडतोड होत नाही.

> तपासणी: निवडलेला प्रयोग लर्नर्स डिक्शनरीत काढा आणि उदाहरणांत कर्ता कोण आहे ते बघा. सगळीकडे यंत्रं असतील आणि तुमच्या वाक्यात माणसं असतील तर परत पहिल्या पायरीवर.

६. जोर मोजून घाला

‘टोटल’, ‘अटर’, ‘कम्प्लीट’ यांतला एक, तोही गरज असेल तर. ‘व्हेरी केऑस’ होत नाही. फार जोर लागत असेल तर विशेषण काढून आकडा घाला. गोदावरीला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीकडे बघतो: पायाशी पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. गावाला तेवढ्यावरून सगळं कळतं. बाहेरच्याला ती मूर्ती माहीत नाही, म्हणून त्याच्यासाठी फूट किंवा मीटर लागतात. पण मोजमाप देण्याची ती सवय इंग्रजीत सोबत न्या. घाटावर नुसतं पाणी चढलं असताना ‘द फ्लड रीक्ड हॅवॉक’ लिहिलंत, तर खरोखर घरं वाहून गेलेल्या दिवशी काय लिहिणार?

७. एक वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, मराठी वाक्य असं आहे: ‘शनिवारी सकाळी रामकुंडाजवळ गर्दी हाताबाहेर गेली, वाहतुकीचा बोजवारा उडाला आणि सगळं नियोजन कोलमडलं.’

पहिल्या झटक्यात उतरणारं इंग्रजी: ‘ऑन सॅटरडे मॉर्निंग क्राउड वेंट आउट ऑफ हँड, ट्रॅफिक वॉज इन अ टोटल केऑस अँड ऑल प्लॅनिंग कोलॅप्स्ड.’

ठरावीक गर्दीबद्दल बोलतोय, तेव्हा ‘द क्राउड’ हवं. ‘वेंट’ जाऊन ‘गॉट’ येईल. ‘अ टोटल केऑस’मधला ‘अ’ जाईल, पण तेवढ्याने भागत नाही, कारण वाहतूक थांबली होती की वळवली होती ते अजून कळलेलं नाही. चौकशी केली, थांबली होती, चाळीस मिनिटं. मग ‘अ‍ॅट अ स्टँडस्टिल’. राहिलं ‘ऑल प्लॅनिंग’. नियोजन कागदावर असतं, कोलमडली ती कागदावरून रस्त्यावर उतरलेली एखादी सोय. कुठली? एकेरी मार्ग. आणि तो आधी मोडला, गर्दी नंतर सुटली. मराठीत शेवटी आलेलं कारण इंग्रजीत पुढे घ्यावं लागेल, नाहीतर गर्दीनेच सगळं बिघडवलं असं वाचलं जाईल.

आता: ‘द वन-वे अरेंजमेंट नियर रामकुंड ब्रोक डाउन अ‍ॅट अबाउट सेव्हन ऑन सॅटरडे मॉर्निंग. द क्राउड सून गॉट आउट ऑफ हँड, अँड ट्रॅफिक वॉज अ‍ॅट अ स्टँडस्टिल फॉर फॉर्टी मिनिट्स.’

एका वाक्याची दोन झाली, ‘केऑस’ गेला, जोराचा एकही शब्द उरला नाही. पाठवण्याआधी हे इंग्रजी मराठीत उलटं वाचा. ‘एकेरी मार्ग मोडला, गर्दी आवरेना, चाळीस मिनिटं गाड्या जागच्या हलल्या नाहीत.’ चौकातला माणूस हेच सांगेल.

अजून एक गोष्ट राहिली. गर्दी म्हटलं की वाचणारा आधी माणसांची खबर शोधतो. कुणाला इजा झाली नसल्याची खात्री करून घेतली असेल तर तिसरं वाक्य जोडा: ‘नो वन वॉज हर्ट.’ खात्री नसेल तर ते लिहू नका, आधी फोन लावा.